गरुड नव्हे, शिक्र्याचं पोर!

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की भूमच्या शिवारात दोन गोष्टी हमखास सुरू होतात: पेरणीची लगबग आणि व्हॉट्सॲपवर पक्ष्यांचे फोटो. त्यातला एक फोटो दरवर्षीचा ठरलेला. बांधावरच्या बाभळीवर किंवा डीपीच्या खांबावर बसलेला, वाकड्या चोचीचा, पिवळ्याजर्द डोळ्यांचा, छातीभर तपकिरी ठिपके असलेला एक रागीट पक्षी. खाली मजकूर: ‘सर, हा कोणता गरुड?’

बहुतेक वेळा उत्तर एकच असतं. गरुड नाही, शिक्रा. तोही पोरसवदा, नुकताच घरट्यातून बाहेर पडलेला. आकार कबुतराएवढा. फोटोत शेजारी कावळा किंवा चिमणी नसली की कबुतराएवढा पक्षीही मोबाइलचा अख्खा पडदा व्यापतो आणि पाहणाऱ्याच्या मनात थेट विष्णूचं वाहन होऊन बसतो.

गोंधळाचं मूळ साधं आहे. पुस्तकांत, तक्त्यांवर, शाळेच्या भिंतींवर रंगवलेले शिकारी पक्षी वयात आलेले असतात. फांदीवर बसून ‘खायला द्या’ म्हणून किंचाळणारी, माणसाला फारशी न बुजणारी आणि म्हणूनच मोबाइलच्या कॅमेऱ्यात सहज सापडणारी असतात ती पोरं. आणि शिकारी पक्ष्यांची पोरं आईबापांवर जात नाहीत. निदान पहिलं वर्षभर तरी नाही.

खव्याचा आणि शिक्र्याचा संबंध

भूम म्हटलं की आधी खवा. तालुक्यातल्या कुंथलगिरीच्या नावानं तर खव्याला भौगोलिक मानांकनही आहे. पण खव्याला दूध लागतं, दुधाला जनावरं लागतात आणि जनावरांना चरायला माळ लागतो. बालाघाटाच्या डोंगररांगेतला हा उथळ मातीचा, कमी पावसाचा माळ नांगराखाली पूर्ण गेला नाही, याचं थोडं श्रेय खव्याच्या भट्ट्यांनाही द्यायला हरकत नाही. माळावर नाकतोडे, सरडे, उंदीर. बांधावर बाभळी, लिंब, चिंचा. शिक्रा, तिसा, कापशी या तिघांना संसाराला एवढंच लागतं. बाणगंगेच्या धरणाकाठी किंवा माणकेश्वरच्या देवळामागच्या शेतांत कॅमेरा घेऊन उभं राहिलं, तर सर्वांत आधी भेटणार ती हीच मंडळी.

छातीवरचं गंध

वयात आलेला शिक्र्याचा नर ओळखायला सोपा. पाठ राखी, डोळे लालभडक, छातीवर विटकरी रंगाच्या बारीक आडव्या रेघा. मादी अंगानं मोठी, पाठीवर तपकिरी झाक, डोळे पिवळे ते नारिंगी. पोराचं सगळं उलट. पाठ तपकिरी, पाठीवरच्या पिसापिसाला तांबूस कड, डोळे फिकट पिवळे. छाती पांढरट आणि तिच्यावर तपकिरी थेंब, उभ्या ओळींत ओघळलेले. थोडक्यात काय, तर लहानपणी वैष्णवांचं उभं गंध, मोठेपणी शैवांचं आडवं.

धर्मांतर एका रात्रीत होत नाही. पोर साधारण वर्षाचं झालं की जुनी पिसं गळायला आणि नवी यायला लागतात. ती एकेक करून येतात, त्यामुळे मधले काही महिने एकाच छातीवर दोन्ही संप्रदाय नांदतात. पोटावर आडव्या रेघा आणि वर गळ्याखाली चारदोन उभे थेंब राहिलेले, असा फोटो हाती आला तर तो पक्षी गेल्या उन्हाळ्यातला, हे छातीठोकपणे सांगता येतं. पक्ष्याचं वय फोटोवरून असं नेमकं सांगण्याची संधी फार थोड्या वेळा मिळते, म्हणून असले अर्धवट रंगलेले फोटो ‘खराब’ म्हणून पुसून टाकू नयेत.

शिक्र्याची वीण उन्हाळ्यात, मार्च ते जून. अंडी बहुधा तीन-चार, कधी सातपर्यंत. १८ ते २१ दिवसांत पिल्लं बाहेर. म्हणून जून-जुलैत पोरांची झुंबड उडते आणि फोटोंचीही. एकाच घरट्यातली दोन भावंडं शेजारी बसलेली दिसली आणि त्यांतलं एक चांगलंच थोराड असलं, तर ते थोरलं असेलच असं नाही. ती बहीण असू शकते. बहुतेक शिकारी पक्ष्यांत माद्या नरांपेक्षा मोठ्या असतात.

गळ्यावरची रेघ आणि पंखांची बोटं

शिक्र्याच्या पोराच्या गळ्यावर मधोमध एक बारीक काळसर उभी रेघ असते. फोटोत गळा दिसत असेल तर निम्मं काम झालं. हीच रेघ ठसठशीत, जाड दिसली तर बेसऱ्याचा संशय घ्यावा. बेसरा शिक्र्याचा भाऊबंद, पण तो दाट झाडीचा पक्षी. सह्याद्रीत शोभतो, भूमच्या उघड्या माळावर नाही. आणि रेघ अजिबात नसेल तर? हिवाळ्याचे दिवस असतील तर बाशा असेल, म्हणजे पक्षीमित्रांच्या तोंडचा स्पॅरोहॉक. तो थंडीपुरता पाहुणा म्हणून येतो.

इथं एक मेख आहे. बाशाच्या पोराच्या छातीवर पहिल्या पिसांपासूनच आडव्या रेघा असतात. म्हणजे ‘उभं ते पोर, आडवं ते थोर’ हा नियम शिक्र्यापुरता. सगळ्या ससाण्यांना तो लावला की फजिती ठरलेली.

मग उडताना काढलेल्या फोटोत काय बघायचं? बोटं मोजायची. पंख पूर्ण पसरले की टोकाची लांब पिसं सुटी-सुटी दिसतात. शिक्र्याची पाच, बेसऱ्याचीही पाच, बाशाची सहा. मधमाश्यांची पोळी फोडणाऱ्या मधुबाजाचीही सहाच. फोटो धूसर असला, रंग सगळे मातीमोल झाले असले, तरी आकाशावरच्या काळ्या आकृतीत ही बोटं मोजता येतात. पक्षी उन्हाच्या बाजूला आला म्हणून हिरमुसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पावशा, म्हणजे बिनभांडवली दहशत

आता या कथेतलं सर्वांत नामी पात्र. ज्याचं ‘पेर्ते व्हा’ ऐकल्याशिवाय शेतकऱ्याला पेरणीचा मुहूर्त लागत नाही, तो पावशा. ऐकलेला सगळ्यांनी, पाहिलेला फार थोड्यांनी. आणि ज्यांनी पाहिला, त्यांतल्या बऱ्याच जणांनी तो शिक्रा म्हणून पाहिला.

पावशा कोकिळेच्या कुळातला. त्याला ना आकडीसारखी चोच, ना शिकारीची नखं. खातो सुरवंट. पण पेहराव मात्र हुबेहूब शिक्र्याचा: राखी पाठ, छातीवर तांबूस आडव्या छटा, शेपटीवर पट्टे. उडण्याची ढब तीच, फांदीवर झेपावून बसण्याची लकब तीच, बसल्यावर शेपटी डावी-उजवी हलवण्याची सवयही तीच. तो आला की चिमण्या आणि खारी शिक्रा आल्यासारखाच गलका करतात.

नक्कल इथंच थांबली असती तर एक वेळ समजून घेता आलं असतं. पण पावशाचं पोरही शिक्र्याच्या पोराची नक्कल करतं! मोठा पावशा मोठ्या शिक्र्यासारखा, लहान पावशा लहान शिक्र्यासारखा. पोराच्या छातीवर तशाच तपकिरी उभ्या खुणा, आणि पोटाकडे त्या बाणाच्या टोकासारख्या होत गेलेल्या. पावसाळ्यात ‘शिक्र्याचं पिल्लू’ म्हणून फिरणाऱ्या फोटोंत पावशाचं पोर मिसळलेलं असतं ते यामुळे.

सोंग कशासाठी? पावशा घरटं बांधत नाही. मादी आपलं निळं अंडं सातभाईंच्या घरट्यात घालते आणि पुढची जबाबदारी सातभाईंवर. सातभाई कलकलाट करणारे, टोळीनं अंगावर येणारे पक्षी. त्यांच्या घरात घुसायचं तर धाक हवा. असाच धाक युरोपातल्या कोकिळेलाही उपयोगी पडतो. केंब्रिजच्या निक डेव्हिस आणि जस्टिन वेलबर्गेन यांनी २००८ मध्ये तो तपासून पाहिला. पक्ष्यांना दाणे टाकायच्या जागेवर त्यांनी पेंढा भरलेली कोकिळा ठेवली आणि पेंढा भरलेला स्पॅरोहॉकही. छोटे पक्षी दोघांनाही सारखेच बिचकले. मग कोकिळेच्या छातीवरच्या आडव्या रेघा झाकल्या, तेव्हा पक्ष्यांची भीती कमी झाली. म्हणजे दहशत होती ती रेघांचीच.

फोटोत सोंग उघडं पाडायच्या तीन जागा. चोच: पावशाची सरळ, शेवटी जराशी वाकलेली, शिक्र्याची बुडापासूनच आकडी. डोळा: मोठ्या पावशाच्या डोळ्याभोवती पिवळं कडं; शिक्र्याच्या डोळ्यावर मात्र हाडाची कपार असते, त्यामुळे तो कायम रागावलेला दिसतो. आणि पाय. पावशाची दोन बोटं पुढे, दोन मागे. शिक्र्याची तीन पुढे, एक मागे. पानांच्या गर्दीत पाय दिसत नाहीत ही खरी अडचण. पण मग चोच पुरते.

ताजा कलम: काळा कोतवाल शिक्र्याच्या आवाजाची नक्कल करतो. एकानं कपडे चोरले, दुसऱ्यानं आवाज. शिक्र्यानं दाद कुठं मागायची?

डोळे खरं बोलतात, पण वय विचारून

तिसा हा माळावरचा मोठा शांत शिकारी. खांबावर, दगडावर, ठेंगण्या झाडावर तासन्‌तास बसून असतो आणि नाकतोडे, सरडे टिपतो. त्याची पुस्तकी ओळख म्हणजे पांढरे डोळे. इंग्रजीतलं त्याचं नावही त्यावरूनच पडलंय. त्याच्या पोराचे डोळे मात्र तपकिरी. कपाळ पांढरट, डोकं फिकट, गळ्यावरची रेघ अस्पष्ट किंवा गायब. म्हणजे पुस्तकातली सगळी ओळखपत्रं घरी ठेवून हे पोर बाहेर पडतं. तिशाच्या पोराचा फोटो ‘अनोळखी’ म्हणून वर्षानुवर्षं मोबाइलमध्ये पडून राहतो, त्याचं कारण हे.

कापशीचं पोर त्या मानानं प्रेमळ कोडं. मोठी कापशी पांढरी-राखी, खांद्यावर काळा डाग, डोळे माणकासारखे लाल. पोराच्या डोक्यावर आणि छातीवर तपकिरी झाक, पाठीवरच्या पिसांना पांढऱ्या कडा, डोळे पिवळसर-तपकिरी. खांद्यावरचा काळा डाग पोरालाही असतो, म्हणून चूक सहसा होत नाही. एकाच जागी पंख फडफडवत हवेत थांबून खाली बघणारा पक्षी म्हणजे कापशी किंवा खरुची, एवढं तर गुराख्यालाही माहीत असतं. कापशीच्या विणीला ठरावीक हंगामही नसतो. उंदीर मुबलक असले की संसार.

मधुबाजाचा घोळ वेगळा. नराचे डोळे गडद, मादीचे पिवळे, पोराचे पुन्हा गडद. मग नर आणि पोर यांत फरक कसा करायचा? चोचीच्या बुडाशी पाहायचं. पोराला तिथं पिवळा रंग असतो, मोठ्यांना राखी. बाकी अंगाचा रंग पाहून मधुबाज ओळखायला जाऊ नये. पांढुरक्यापासून गडद चॉकलेटीपर्यंत काहीही निघतं. डोकं मात्र कबुतराचं, एवढ्या मोठ्या अंगाला न शोभणारं. मधमाश्यांच्या पोळ्यात तोंड घालणारा पक्षी हा, म्हणून त्याच्या चेहऱ्यावरची पिसं खवल्यांसारखी आखूड आणि दाट.

आणखी एक, केवळ फोटोतच घडणारी गंमत. कधी कधी फोटोत शिक्र्याचा डोळा दुधाळ, निळसर-पांढरा दिसतो. लोक हळहळतात, ‘बिचारा आंधळा आहे.’ आंधळाबिंधळा काही नाही. पक्ष्यांना तिसरी पापणी असते. ती डोळ्यावरून आडवी सरकते, डोळा पुसते आणि क्षणात परत जाते. आपल्या नजरेला ती जाणवत नाही. कॅमेरा सेकंदाच्या हजाराव्या भागात तिला पकडतो. त्याच फोटोवरून कुणी पांढऱ्या डोळ्यांचा तिसा ठरवून मोकळं होतं! म्हणून एकाच फोटोवर निकाल देऊ नये. लागोपाठ पाच-सहा काढावेत.

डोळ्यांचा सर्वांत खणखणीत नियम बहिरी, लग्गड, तुरुमती, खरुची या खऱ्या ससाण्यांचा. पोर असो वा म्हातारा, आपल्याकडच्या या सगळ्यांचे डोळे गडद तपकिरी. पिवळा डोळा दिसला की ही मंडळी बाद. मराठीत आपण शिक्र्यालाही ससाणा म्हणतो आणि बहिरीलाही, पण नात्यानं ते फार लांबचे. २००८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या मोठ्या जनुकीय अभ्यासानुसार बहिरी ससाण्याच्या कुळाचे जवळचे नातेवाईक निघाले पोपट आणि चिमणीवर्गातले पक्षी.

मोठमोठे चकले

पोरांनी जाणकारांनाही चकवलंय. जगप्रसिद्ध पक्षीचित्रकार जॉन जेम्स ऑड्युबननं अमेरिकेत ‘वॉशिंग्टनचा गरुड’ नावाची नवी जात जाहीर केली, तिचं मोठं देखणं चित्र काढलं. तसा गरुड पुन्हा कुणालाच सापडला नाही. बहुतेक अभ्यासकांचा कौल असा, की ते अमेरिकेच्या राष्ट्रीय पक्ष्याचं, म्हणजे पांढऱ्या डोक्याच्या गरुडाचं पोर होतं. त्या गरुडाचं डोकं पांढरं व्हायला चार-पाच वर्षं जातात.

आपल्याकडचं पांढरं गिधाडही लहानपणी काळपट-तपकिरी असतं. पांढरं व्हायला त्यालाही पाचेक वर्षं लागतात. तळ्याकाठच्या ब्राह्मणी घारीचं पोर तर साध्या घारीची सही सही नक्कल. तिथं शेपटी पाहावी: घारीची मधे खाच असलेली, ब्राह्मणी घारीची गोल. मात्र घारीनं शेपटी पूर्ण पसरली की खाच नाहीशी होते. साध्या घारीचं पोरही ओळखता येतं. त्याच्या अंगावर फिकट ठिपके आणि रेघा असतात.

शास्त्रीय नावांचंही तेच. शाळा-कॉलेजात ज्यांनी शिक्रा ‘ॲक्सिपिटर’ म्हणून पाठ केला, त्यांना आता नवं पाठांतर. जनुकीय तुलनेनंतर २०२४ मध्ये हा जुना गट फोडण्यात आला. शिक्रा आणि बेसरा ‘टॅकिस्पायझा’ झाले, बाशा मात्र ‘ॲक्सिपिटर’च राहिला. मराठी नावं त्या मानानं टिकाऊ. ती गोळा करायचं मोठं काम शेजारच्या सोलापूरच्या मारुती चितमपल्लींनी ‘पक्षीकोशा’त करून ठेवलंय. आणि शिकारी पक्ष्यांची लहान-मोठी रूपं निवांत पाहायची असतील तर मुंबईच्या रिशाद नवरोजींचा २००६ चा जाडजूड इंग्रजी ग्रंथ आहे. जड आहे, माळावर नेऊ नये.



वाघ सोपा, शिक्रा अवघड

धाराशिव जिल्ह्यात फोटोवरून ओळख पटवण्याचं सर्वांत गाजलेलं प्रकरण पक्ष्याचं नाही, वाघाचं. २०२४ च्या डिसेंबरात येडशी रामलिंग घाट अभयारण्यातल्या कॅमेऱ्यासमोरून चक्क एक वाघ गेला. अंगावरच्या पट्ट्यांची जुन्या फोटोंशी ताडणी केली, तेव्हा कळलं की हा यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला. साडेचारशे-पाचशे किलोमीटर चालून आलेला.

हे जमलं, कारण वाघाचे पट्टे जन्मभर तेच राहतात. बछड्याचा फोटो म्हाताऱ्या वाघाशी जुळवता येतो. शिक्र्याच्या बाबतीत ही सोय नाही. गेल्या जूनचा ठिपक्यांचा पोरगा आणि या जूनचा रेघांचा गडी एकच, हे निव्वळ फोटोवरून कुणी सिद्ध करू शकत नाही. त्याच्या पायात कडी असेल तरच.

फोटोतल्या खोड्या

संध्याकाळचं तिरपं ऊन पांढऱ्या छातीला बेधडक नारिंगी करतं. त्यामुळे सहानंतरच्या फोटोतल्या ‘तांबूस छाती’वर विश्वास ठेवू नये. भर दुपारी पोट सावलीत जातं आणि ठिपके रेघांसारखे दिसतात. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं. त्यात आधी नाहीसे होतात ते पिसांच्या कडांचे बारीक तपशील, म्हणजे नेमके आपल्याला हवे तेच. शिवाय फोटो कधी काढला ही माहितीही गळून पडते. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला की दोन्ही शाबूत राहतात. आणि तारीख ही काही फालतू गोष्ट नाही. माझ्या मते रंगांपेक्षा तारीख आणि गाव यांवरून अर्धी यादी आधी कापावी. उरलेल्या तीन-चार नावांतून निवडणं मग सोपं.

पंखांची मागची कडही पाहावी. पोराची सगळी उडायची पिसं एकाच वेळी उगवलेली, म्हणून कड एकसारखी, जणू आताच कातरलेली. मोठ्या पक्ष्याची पिसं वेगवेगळ्या वर्षांची: काही ताजी गडद, काही विटलेली, एखादं अर्धंच आलेलं. रंग मुळीच कळत नसताना केवळ या कडेवरून ‘पोर’ म्हणता येतं. शिकारी पक्ष्यांच्या जाणकारांचं हे आवडतं हत्यार आहे.

फोटो ओळखणारी ॲप आहेत: कॉर्नेल विद्यापीठाचं मर्लिन, शिवाय आयनॅचरलिस्ट. चांगली आहेत. पण शिक्र्याची आणि बेसऱ्याची पोरं समोर आली की तीही गडबडतात. पक्षीनोंदींच्या ई-बर्ड या संकेतस्थळावर फोटो चढवताना पक्षी पोर आहे की प्रौढ, हे नोंदवायची सोय असते. ती बहुतेक लोक रिकामी सोडतात. भूमसारख्या ठिकाणाहून नोंदी आधीच कमी, त्यात वयाची नोंद केली तर त्या फोटोचं मोल कितीतरी वाढतं.

घरट्याचे फोटो मात्र नकोत. माणूस घरट्याशी घुटमळला की कावळ्यांना पत्ता कळतो. जमिनीवर बसलेलं पोर दिसलं तर ते बहुधा उडायला शिकतंय. जवळच्या फांदीवर ठेवून बाजूला व्हावं, आईबाप बघून घेतात. जखमी असेल तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. घरी नेऊन पाळायचा विचार करू नये. वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे.

पवनचक्क्या आणि सुस्तावलेले सरडे

बालाघाटाच्या माथ्यावर, भूम-वाशीच्या बाजूला, पवनचक्क्या उभ्या राहिल्यात. त्यांचा या पक्ष्यांवर काय परिणाम होतो, हे इथं नाही, पण साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर मोजलं गेलंय. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांचा अभ्यास २०१८ मध्ये ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’मध्ये आला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीनं कमी होते. मग झालं काय, तर त्यांचं भक्ष्य असलेले सरडे वाढले, आणि माजलेही. गळ्याला रंगीत पंखा असलेले हे सरडे पवनचक्क्यांखाली माणसाला खूप जवळ येऊ देत. ताणाचं संप्रेरकही त्यांच्या रक्तात कमी आढळलं. मात्र गर्दी वाढल्यानं त्यांची अंगं वाळली. शिकारी नसणं सरड्यालाही मानवलं नाही.

भूमच्या माळावर हाच हिशेब लागू पडतो का, ते इथल्या फोटोंवरूनच कळू शकेल. पवनचक्की लागण्याआधीचे तारीखवार फोटो कुणाकडे असतील तर त्यांनी ते जपून ठेवावेत.

पाहुण्यांची पोरं

पाऊस सरला, ज्वारी वितभर झाली, की माळावर भोवत्ये येतात. गवताला चिकटून, पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उचलून, तरंगत जाणारे लांब अंगाचे पक्षी. मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातून येतात, नाकतोड्यांचे कर्दनकाळ. भूमहून खाली उतरलं की नान्नजचं माळढोक अभयारण्य. तिथले माळही हिवाळ्यात त्यांच्या आवडीचे.

त्यांतल्या दोन जातींची पोरं भल्याभल्यांना रडवतात: माँटेग्यूचा भोवत्या आणि पांढुरका भोवत्या. दोघांचीही छाती-पोट एकरंगी, गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचं, जवळजवळ बिनरेघांचं. कमरेवर पांढरा पट्टा दोघांनाही. फरक मानेपाशी: पांढुरक्याच्या पोराला गालामागे फिकट गळपट्टा आणि त्यामागे गडद मान, माँटेग्यूच्या पोराला असा गळपट्टा जवळजवळ नसतो, उलट डोळ्याभोवती पांढरं जास्त. म्हणजे दूर उडणाऱ्या भोवत्याचा फोटो काढताना नेम पंखांवर नाही, मानेवर धरायचा.

एप्रिल सरता सरता हे पाहुणे उत्तरेकडे निघालेले असतात. त्यामुळे मे महिन्यात कुणी ‘भोवत्याचं पिल्लू’ म्हणून भूमहून फोटो पाठवला, तर आधी कापशीचं, नाहीतर तिशाचं पोर तपासावं. त्या दिवसांत इथल्या माळावर घरटी त्यांचीच असतात. भोवत्याचं घरटं हजारो किलोमीटर लांब, कझाकस्तानातल्या गवतात.